मर्विनची नळी तुंबते

मर्विनने बंदुकीच्या नळीत शिशाचा गोळा ठोकला. तो निम्म्यात जाऊन बसला आणि काही केल्या हलेना. उद्या क्लबची नेमबाजी होती आणि त्याची बायको ओपल कुठल्याही क्षणी बाजारातून परत येणार होती.

हा उद्योग सांगितला होता कुणी, असं तुम्ही विचाराल. सांगितला होता हार्लनने, म्हणजे ओपलच्या थोरल्या भावाने. आमच्या ऑटर क्रीकमध्ये शिसं वितळवून स्वतःच्या गोळ्या स्वतः ओतल्या नाहीत, तर माणूस नेमबाज म्हणवून घेत नाही. क्लबात विकतची गोळी चालतच नाही. पण घरच्या गोळीला एक खोड असते. जाता जाता ती नळीला आतून शिसं फासून जाते, आणि असं शिसं चढलं की पुढची गोळी कुठे जाईल ते सांगता येत नाही. गेल्या वर्षी मर्विनच्या गोळ्या लक्ष्य सोडून मातीच्या बांधात घुसल्या होत्या. "बंदूक आणलीयस की गटाराचा पाइप?" असं हार्लन सगळ्यांदेखत ओरडला होता आणि लोक पोट धरधरून हसले होते.

हार्लनची नळी मात्र आरशासारखी लख्ख. भेटेल त्याला तो ती उजेडाकडे धरून आत बघायला लावायचा. रविवारी जेवायला आला की बटाट्याच्या भांड्यावर काटा नाचवत त्याचं प्रवचन सुरू व्हायचं.

"बाबा रे, तुझी गोळी नळीपेक्षा बारीक आहे. बाजूने जळता वायू निसटतो, तो शिसं वितळवतो आणि नळीला लिंपतो. आधी नळी मोज! मऊ शिशाचा गोळा या तोंडातून ठोकायचा, त्या तोंडातून काढायचा आणि तो मोजायचा. शेंबडं पोरही करेल."

मर्विनला बक्षीसबिक्षीस काही नको होतं. या शनिवारी हार्लनला दात काढायला जागा मिळू नये, एवढंच त्याला हवं होतं. ओपल बाहेर पडल्याबरोबर तो हातोडा घेऊन बसला तो त्यासाठी.

गोळा अडकल्यावर त्याने लाकडी काठी घालून वरून ठोकलं. काठी आतल्या आत तिरकी मोडली आणि पाचरीसारखी बसली. ती काढायला त्याने ओपलची स्वेटर विणायची सुई घातली. सुई वाकली आणि तीही तिथेच राहिली. आता नळीत गोळा, काठी आणि सुई असा सगळा संसार थाटला होता. मर्विन खुर्चीत बसला आणि विचार करू लागला. विचार करणं हा त्याचा प्रांत नव्हे, पण वेळच तशी आली होती. थंडीने शिसं आकसतं, असं त्याला कुठूनसं आठवलं. त्याने बंदूक उचलली आणि तळघरातल्या लांबलचक फ्रीझरमध्ये हरणाच्या मांसावर आडवी ठेवून दिली.

तेवढ्यात ओपल आली. संध्याकाळसाठी मांस काढायला ती थेट तळघरात उतरली.

"मर्विन!"

"काय गं?"

"हे हरीण नोव्हेंबरातच मेलंय ना?"

"हो. का?"

"मग त्याच्यावर बंदूक कशाला रोखून ठेवलीयस? पळून जाईल म्हणून?"

मर्विनला सगळं सांगावं लागलं. सुईचं सांगताना त्याचा आवाज अगदी खाली गेला. ओपलने कपाळावर हात मारून घेतला.

"हार्लनकडे जा. माझा सख्खा भाऊ आहे, खाणार नाही तुला."

"खाल्लं तर परवडलं! तो हसेल गं. मेलो तरी माझ्या प्रेतयात्रेत हीच गोष्ट सांगेल."

"मग उद्या काय काठीने खेळणार आहेस?"

घाटापलीकडच्या गावात थर्लो नावाचा म्हातारा बंदुका दुरुस्त करायचा. तिथे ऑटर क्रीकचं कुणी भेटण्याचा संभव नव्हता. मर्विनने बंदूक घोंगडीत गुंडाळली, गाडीत टाकली आणि चोरासारखा मागच्या रस्त्याने निघाला.

थर्लोच्या दुकानाला कुलूप होतं. दारावर पाटी होती, "जेवायला गेलोय." आणि ओसरीवरच्या बाकावर, मांडीवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं घेऊन, हार्लन बसला होता.

पळून जावं असं मर्विनच्या मनात आलं, पण हार्लनने पाहिलं होतं. तो मुकाट्याने शेजारी जाऊन बसला.

"इकडे कुठे?" हार्लनने विचारलं.

"सहज. तू?"

"सहजच."

थोडा वेळ दोघांनी समोरचा डोंगर पाहिला.

"घोंगडीत काय आहे?" मर्विनने विचारलं.

"पडद्याची दांडी. नेटीला पडदे बदलायचेत. तुझ्या?"

"पडद्याचीच दांडी."

"ओपल पण पडदे बदलतेय?"

"हो ना. बायकांचं काय सांगावं."

"खरंय बाबा."

पुन्हा डोंगर. तेवढ्यात दात कोरत थर्लो आला. त्याने कुलूप काढलं, बाकाकडे बघितलं आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"हार्लन! परत अडकवलास?"

हार्लनच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. म्हाताऱ्याचं तोंड मात्र थांबेना. "अरे, महिन्याच्या महिन्याला मी तुझी नळी घासून लख्ख करून देतो, वर पोटभर ज्ञान देतो, ते नीट ऐकत तरी जा. नळीला आधी तेल घातलं होतंस का?"

"तेल?" हार्लन म्हणाला.

"तेल?" मर्विनही म्हणाला.

थर्लोने मर्विनकडे बघितलं, त्याच्या घोंगडीकडे बघितलं. "तुला कुणी शिकवलं हे?"

मर्विनने तोंड उघडलं. एवढी आयती संधी त्याला जन्मात मिळाली नव्हती. त्याने हार्लनकडे बघितलं. एवढा आडदांड माणूस, पण अगदी अंग चोरून उभा होता. मर्विनला त्याची चक्क दया आली.

"असंच," मर्विन म्हणाला. "ऐकलं होतं कुठेतरी."

म्हाताऱ्याने तेल सोडलं, पितळी गज घातला आणि बघता बघता दोन्ही नळ्या मोकळ्या केल्या. विणायची सुई बाहेर आली तेव्हा हार्लन हसला नाही. उलट त्याने ती उचलून गुडघ्यावर सरळ करून दिली. मोजमाप केल्यावर थर्लो म्हणाला, "दोघांच्याही गोळ्या बारीक." त्याने कपाटातून जाड गोळीचा साचा काढून दिला. त्या दिवशी मेव्हणे-मेव्हण्यांनी मर्विनच्या गराजमध्ये शेजारी शेजारी बसून गोळ्या ओतल्या, त्यांना मेणचरबी फासली, आणि एकमेकांना टाकून बोलले नाहीत. ओपल येऊन बघून गेली आणि "तब्येत बरी आहे ना दोघांची?" असं विचारून गेली.

शनिवारी जिंकली चर्चमध्ये पियानो वाजवणारी बाई. पण मर्विनची एकही गोळी बांधात गेली नाही, नळीत कणभरही शिसं चढलं नाही, आणि कुणी हसलं नाही. त्याला आणखी काही नको होतं. तो चिलीची, म्हणजे मांस-राजम्याच्या तिखट रश्श्याची, वाटी घेऊन सावलीत बसायला निघाला, तेवढ्यात गावात नव्याने आलेला पाद्री हार्लनपाशी आला.

"हार्लन, लोक म्हणतात तुमची नळी कायम लख्ख असते. शिसं चढू नये म्हणून काय करायचं, जरा सांगा ना."

हार्लनने सवयीने घसा खाकरला. मग मर्विनकडे बघितलं, आणि छातीत भरलेला सगळा वारा सोडून दिला.

"याला विचारा," तो म्हणाला. "माझा मेव्हणा आहे. यातलं त्याला जास्त कळतं."

मर्विनला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं. त्याने वाटी खाली ठेवली, चमचा मात्र हातात राहू दिला.

"बाबा रे," तो पाद्र्याला म्हणाला, "तुझी गोळी नळीपेक्षा बारीक असणार. आधी नळी मोज. शेंबडं पोरही करेल."

पाद्री मान डोलावू लागला. मर्विन चमचा नाचवत राहिला. घटका गेली, चिली गार झाली, तरी तो थांबेना. लांब टेबलापाशी बसलेली हार्लनची बायको नेटी ओपलला म्हणाली, "आज हार्लन किती बोलतोय गं."

ओपलने मान वर करून नीट बघितलं.

"तो हार्लन नव्हे," ती म्हणाली. "तो आमचा."