फुल टाकीचा काटा

अगं, थांब, आधी हे ऐक! आत्ताच मेळाव्यावरून येतेय, हात अजून काळे आहेत बघ.

आमच्या बाबांची ती जुनी पोपटी गाडी माहितेय ना? तिचा पेट्रोलचा काटा बावीस वर्षं मेलेला. बाबा टाकीत एक खाचा पाडलेली काठी घालून पेट्रोल मोजतात, पेशंटच्या तोंडात थर्मामीटर घालावा तसं. गाडी कुणाला चालवायला देणं तर लांबच. (मला काचही पुसू देत नाहीत, ओरखडे पडतात म्हणे.) पण यंदा दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, ते म्हणाले, "जावईबापू, रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला तुम्ही न्या. नीट पोचवलंत तर किल्ली कायमची तुमची."

दाजींचे पाय जमिनीवर राहीनात. त्यांना वाटलं, बाबांना एक सरप्राइज देऊ. काटाच दुरुस्त करू!

शनिवारी गाडी धुवायच्या निमित्ताने किल्ली मागून घेतली आणि शिरले गाडीखाली. टाकीपाशी एक वायर तुटलेली. तुटलेली कसली, पकडीने कापल्यासारखी सरळ. दाजींनी निदान केलं, उंदीर. (फारच टापटिपीचा उंदीर.) वायर जोडली, टेप गुंडाळली, किल्ली फिरवली. काटा थरथरला, उठला आणि थेट फुलवर! दाजींच्या डोळ्यांत पाणीच आलं. काठीची आता गरज काय, म्हणून तिला टोमॅटोच्या रोपाला बांधून टाकलं.

रविवारी दाजी पुढे, शेजारी आई, मागे मी आणि बाबा. गाडी निघाली तसं बाबांनी पुढे वाकून डॅशबोर्ड बघितला.

"काटा... चालतोय?"

"चालतोय म्हणजे? फुल आहे, बाबा!" दाजींची छाती दोन इंच वर.

"काठी घातली होतीत ना?"

"काटा असताना काठी कशाला?"

"पुढे पंप आहे. जरा थांबू या का?"

"फुल टाकीत अजून कुठे भरणार?"

बाबा घामाघूम. "हवा तरी बघू!"

दाजींना वाटलं, म्हाताऱ्याचा आपल्यावर विश्वासच नाही. मुद्दाम वेग वाढवून त्यांनी पंप मागे टाकला. मैदानाचं फाटक समोर दिसायला लागलं आणि गाडीला उचक्या लागल्या. दोन, तीन, शांत. काटा फुलवर.

"अहो, टाकी भरली होती ना?" आई.

"बाबांनी भरली असेल..." दाजी.

"मी? मला वाटलं तुम्ही भरलीत!" बाबांनी मागूनच हात घालून किल्ली काढली, खिशात टाकली आणि मान खाली घातली. "तो काटा उलटा दाखवतो. बावीस वर्षांपूर्वी टाकीतला तरंगता गोळा मीच साफ करायला काढला होता. परत बसवला तो उलटा. टाकी रिकामी की काटा फुल. मग वायर कापून टाकली."

आई सावकाश मागे वळली.

"म्हणजे तेव्हा आपण पेट्रोल संपून पुलावर अडकलो, ते पंपवाल्याने कमी पेट्रोल दिलं म्हणून नव्हे?"

"नाही."

"अहो, बावीस वर्षं मी त्या पंपासमोरून तोंड फिरवून जातेय! त्याची बायको माझ्या शिवणाच्या क्लासला होती!"

दाजींना खरं तर हसू येत होतं, पण हसायची ही वेळ नाही एवढं त्यांना कळत होतं. एवढ्यात आईच फिसकन हसली. मग आम्ही सगळेच, पोट धरधरून. शेवटी आई स्टिअरिंगवर बसली, आणि मी, दाजी नि बाबांनी ढकलत ढकलत गाडी मागच्या बाजूने गुपचूप रांगेत उभी केली.

तेवढ्यात परीक्षक आले. "सगळं मूळचं? काटासुद्धा चालतो?"

बाबांनी आत हात घालून किल्ली फिरवली. काटा झोकात फुलवर.

"वा! बावीस गाड्यांत चालू काटा एकट्या तुमच्याच गाडीचा! टाकीही भरलेली! चला, मग मैदानाला एक चक्कर मारून दाखवा. चालवणार कोण?"

बाबांनी क्षणभर दाजींकडे बघितलं. मग किल्ली काढून दाजींच्या हातात ठेवली, वर पाठ थोपटली.

"हे आमचे जावई. आजपासून गाडी यांचीच."

समोर लोक टाळ्या वाजवतायत, दाजी किल्ली धरून उभे, टाकीत थेंब नाही. तूच सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?