कापगते काकांचा लांबलेला डाव

कापगते काकांशी पत्ते खेळायला बसलं की ते आधी तुमच्या पाठीला उशी देतात. मग पाण्याचा तांब्या आणून ठेवतात, मग वाटीभर फुटाणे, आणि मग हळूच विचारतात, "जाऊन आले का जी? मंग मधात उठता येत नाही." लहान मुलाला एसटीत बसवताना विचारावं तसं. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. दुसऱ्या खेपेला मी मुकाट्याने जाऊन आलो.

पत्ते म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर रमी किंवा तीन-दोन-पाच आलं असेल, तर ते पुसून टाका. हे पत्ते निराळे. त्यांच्यावर राक्षस, चेटकिणी, पंखवाले घोडे, धूर सोडणारे डोंगर अशी चित्रं असतात आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत त्या त्या पत्त्याचे कायदे लिहिलेले असतात. प्रत्येक खेळाडू आपली गड्डी घरूनच जुळवून आणतो. मोठ्या शहरांतली कॉलेजची पोरं हा खेळ खेळतात, त्याच्या स्पर्धा भरतात, तिथे पंच असतात, घड्याळ असतं. आमच्या गोंदियात मात्र माझ्या माहितीत हा खेळ एकच माणूस खेळतो. वय पासष्टच्या पुढे, रेल्वेच्या चौकशी खिडकीवरून निवृत्त, मूळ गाव अर्जुनी मोरगावकडचं, नाव मनिराम कापगते.

मी त्यांचा शेजारी. त्यांच्या भिंतीला लागून माझा होमिओपॅथीचा दवाखाना आहे. आमच्या शास्त्रात पेशंटचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणं हा अर्धा इलाज असतो, आणि माझ्याकडे पेशंट बेताचेच. म्हणजे ऐकायची सवयही होती आणि वेळही होता. काकांनी या दोन्ही गोष्टी पहिल्याच आठवड्यात हेरल्या.

ही गड्डी मुळात त्यांच्या मुलीची, मंजूची. इंजिनिअरिंगला असताना ती होस्टेलवर खेळायची. पुढे नोकरीसाठी बेंगळुरूला गेली तेव्हा बुटाच्या खोक्यात भरून माळ्यावर टाकून गेली. काकू त्याआधीच वारल्या होत्या. एके दिवशी काका मच्छरदाणी काढायला माळ्यावर चढले आणि खोकं घेऊन उतरले. मच्छरदाणी अजून वरच आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी तो खेळ असा काही आत्मसात केला की मंजूला फोनवर म्हणावं लागलं, "बाबा, मला आता यातलं काही आठवत नाही हो."

या खेळात बहुतेकांचं 'तू एक मार, मी एक मारतो' असं चालतं. काकांची गड्डी तशी नाही. तिच्यात सुरुवातीला काहीच घडत नाही. समोरचा त्यांना बडवत असतो आणि काका शांतपणे मार खात पत्ते जमवत असतात. मग एक पत्ता पडतो, तो दुसऱ्याला बोलावतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा पहिल्याला परत हातात आणून देतो, आणि एकाच डावात समोरचा साफ होतो. काका कोहळी समाजाचे. त्यांच्या वाडवडिलांनी गावोगावी तलाव बांधले, त्यामुळे ते हा प्रकार तसाच समजावतात. "हे पाहा डाक्टर, आधी वरचा तलाव भरू द्याचा. तो भरला का पानी खालच्यात. खालचा भरला का त्याच्या खालच्यात. तोवर लोक म्हनतेत, हा बुढा काही करूनच नाही राहिला. आन मंग एकदम सारं पानी धानात!"

आता हे पाणी धानात पोचेपर्यंत समोरच्या माणसाला काय काम? काहीच नाही. त्याने फक्त बसायचं. म्हणून ती उशी.

पत्त्यांची इंग्रजी नावं काकांना मंजूर नाहीत. त्यांनी आपली ठेवली आहेत. एक घुबड आहे, एक बुढी आहे, एक दगडी राक्षस आहे त्याला ते जुन्या जमीनदाराचं नाव देऊन 'मालगुजार' म्हणतात. आणि शेवटचा, जिंकून देणारा पत्ता म्हणजे 'फाटक'. फाटक पडलं की समोरच्याचा रस्ता बंद, खेळ खलास. प्रत्येक पत्ता टाकताना काका खास चौकशी खिडकीच्या आवाजात घोषणा करतात. "लक्ष द्या. घुबड येऊन राहिलं आहे. घुबड आल्यामुळं बुढी बाहेर. बुढी दोन पत्ते घेऊन येते, त्यातला एक मालगुजार. मालगुजार घुबडाले परत हातात देते. घुबड पुन्हा येऊन राहिलं आहे." मधे कोणी कंटाळून "झालं का काका?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "होऊन राहिलं जी, होऊन राहिलं."

एकदा असाच डाव चालू असताना माझा पेशंट आला. मी उठलो, तर काका पत्ते तसेच पसरलेले ठेवून माझ्या मागोमाग दवाखान्यात आले आणि पेशंटच्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहिले. त्या बिचाऱ्याला पित्त झालं होतं. त्याने आपली तक्रार दोन वाक्यांत आटोपली, तर काका त्याला म्हणाले, "इतकंच? आराम से सांगा ना जी. डाक्टर फुरसतमध्येच आहे." तो पेशंट पुन्हा काही आला नाही.

मी दवाखान्यात अडकलेलो असलो की काका मिळेल त्याला खोक्यातली दुसरी गड्डी देऊन बसवतात. गॅसची टाकी घेऊन येणारा बसून गेला आहे, मीटर बघायला येणारा बसून गेला आहे. विमा एजंट जिथून मान खाली घालून पाय उचलत निघून जातात, असं आमच्या गल्लीतलं हे एकमेव दार.

मंजू दर रविवारी फोन करते. अशाच एका रविवारी तिने सांगितलं की नागपूरला या खेळाची स्पर्धा आहे आणि तिथे पहिला येईल त्याला बेंगळुरूच्या अंतिम स्पर्धेत जागा आहे. "तुम्ही आलात ना बाबा, तर मी रजा टाकीन. दिवसभर तुमच्या मागे खुर्ची टाकून बसेन."

झालं! त्यानंतर काकांना दुसरा विषयच उरला नाही. दूधवाल्याला सांगितलं, मला तर सकाळ-संध्याकाळ सांगितलं. बेंगळुरूचं कौतुक नव्हतं, स्पर्धेचं तर त्याहून नव्हतं. "मंजू मागं बसनार आहे, डाक्टर. खुर्ची टाकून. दिवसभर." कामाच्या रगाड्यात गेल्या दोन दिवाळ्या मंजूला घरी येता आलं नव्हतं. ते काका सांगत नसत, पण मला ठाऊक होतं. काही झालं तरी काकांनी नागपूर जिंकायलाच हवं, असं मीही मनात धरून बसलो.

नागपूरला मी सोबत गेलो. हॉलमध्ये सगळी काळ्या टी-शर्टातली दाढीवाली पोरं, आणि त्यांच्यात इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, काखेत उशी धरलेले कापगते काका. पंचाने उशी दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली, आत पत्ते दडवलेत की काय म्हणून. "हे कशाला, काका?"

"माझ्यासाठी नाही जी. समोरच्यासाठी."

पंचाने नियमांचा कागद खालीवर चाळला. उशीविरुद्ध नियमात काही नव्हतं.

पोरं उशी हसत बाजूला ठेवत आणि हरून उठत. एकजण तर डाव चालू असताना मोबाईल शोधू लागला, पंचाने दटावलं तेव्हा टेबलावर डोकं टेकवून पडला. काका त्याच्याकडे बघत घोषणा करत राहिले, आवाज मात्र जरा उतरला. तरी जिंकले. बघता बघता शेवटची फेरी आली.

समोर एक चष्मेवाली मुलगी, अकोल्याची. तिचे गुण काकांपेक्षा किंचित जास्त होते. म्हणजे काकांना जिंकणं भाग होतं. वेळ संपून बरोबरी झाली तरी बेंगळुरूला तीच जाणार होती. हे पंचांनी दोघांनाही आधीच नीट समजावून सांगितलं.

मुलीने उशी घेतली, "थँक यू काका" म्हणाली आणि खरोखरच पाठीला लावली. असं करणारी ती पहिलीच.

मी काकांच्या मागे, दोरीच्या पलीकडे उभा होतो. तिने त्यांना चांगलंच बडवलं, पण शेवटी घुबड आलं, बुढी आली, मालगुजार आला. मी निश्चिंत झालो. तेवढ्यात मुलीने विचारलं, "काका, बुढी म्हणजे ही चेटकीण ना? तिला बुढी का म्हणता?"

काका थांबले. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि सांगायला लागले. मग तिने विचारलं, मालगुजार घुबडाला परत का देतो, स्वतःकडे ठेवत का नाही? काका खुर्चीत पुढे सरकले. तलाव आले, पाणी आलं, वाडवडील आले. मधेमधे पत्तेही पडत होते. पंच येऊन म्हणाले, "काका, थोडा जल्दी." काका म्हणाले, "होऊन राहिलं जी."

आणि मला त्यांच्या हातातले पत्ते दिसत होते. डावीकडून दुसरं, फाटक! ते टाकलं की जिंकलं, मग बेंगळुरू, मंजू, खुर्ची, सगळं. प्रेक्षकांना बोलायला बंदी होती. मी खोकलो. मी दोरी हलवली. भिंतीवरचं घड्याळ पळत होतं आणि काका घुबड पुन्हा आणत होते, ज्याची आता काडीचीही गरज नव्हती.

"मग पुढे काय होतं, काका?" मुलीने हनुवटीला हात लावून विचारलं.

काकांनी बोलायला तोंड उघडलं आणि घंटा झाली.

बरोबरी. मुलीने वाकून नमस्कार केला, उशी नीट झटकून परत दिली आणि मैत्रिणींच्या घोळक्यात नाचत निघून गेली.

संध्याकाळी आम्ही गोंदियाची गाडी धरली. कामठी गेल्यावर मात्र मला राहवेना. "काका, फाटक हातात होतं तुमच्या!"

"हाव."

"मग का नाही टाकलं?"

"ते पोरगी विचारून राहिली होती ना जी."

"अहो, ती वेळ काढत होती! बरोबरी झाली की तिचंच फावणार होतं. चलाखी होती ती!"

"मले काय समजत नाही का?" काका शांतपणे म्हणाले. "असंल चलाखी. पन सवाल बरोबर होते तिचे. मालगुजार कायले परत देते, हे आजपर्यंत कोनी विचारलं नाही. तुमीबी नाही विचारलं." मांडीवरची उशी सरळ करत ते म्हणाले, "बसनं नियमात आहे, डाक्टर. समोरच्याले बसाच लागते. विचारनं नियमात नाही, तरी तिनं विचारलं."

माझा राग तिथेच निवला. पण मंजूचं काय? मी तेही विचारलं. "ती मागं बसली असती तं बरं वाटलं असतं मले," काका म्हणाले. "लय बरं वाटलं असतं."

भंडारा रोड गेलं आणि फोन वाजला. मंजूच. काकांनी घसा खाकरला. आता ही कथा गोंदियापर्यंत पुरणार, असं मनाशी म्हणून मी पाय पसरले.

"हाव माय. हरलो. थोडक्यात गेलं. नाही, नाही, वाईट कायचं? जेवलो. तू जेवली का? बरं, ठेव मंग."

फोन खिशात गेला. ज्या माणसाने मीटरवाल्याला सबंध दुपार बसवून ठेवलं, त्याने आपल्या आयुष्यातला सगळ्यात मोठा डाव पोटच्या पोरीला एवढ्यात सांगून संपवला होता.

"एवढंच सांगितलं?"

"या टायमाले तिचं काम चालू राहते," काका म्हणाले. "मी बोलत राहिलो तं ते ऐकत बसते. नाही म्हनत नाही. मंग काम पुरं कराले जागत राहते, जेवनाचाबी पत्ता नाही. तिची माय असती तं तिच्यावर वरडली असती. म्हनून तिच्यापाशी मी लवकर आटपतो."

मी पाण्याची बाटली शोधायचं सोंग केलं. बाटली समोरच होती. धीर द्यावा असं काकांनी काही मागितलंच नव्हतं. ते चष्मा पुसत होते. शेवटी जे सुचलं ते मी विचारलं, "काका, फाटक टाकलं असतं तर पुढे काय झालं असतं?"

पुढे काय होतं ते मी झोपेतसुद्धा सांगू शकतो, हे काकांनाही माहीत होतं. मी थट्टा करतोय का, ते त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग चष्मा चढवला, चपला काढून बाकावर मांडी घातली आणि माझ्याकडे वळले.

"असं मधातून नाही समजनार जी. सुरुवातीपासून सांगा लागंल."

"सांगा ना," मी म्हणालो.

तुमसर रोडला घुबड आलं. तिरोड्याला बुढी आली, आणि समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ कोण बुढी म्हणून डब्यात पाहू लागले. गोंदिया आलं तेव्हा लोक पिशव्या काढून उतरले, डबा रिकामा झाला, सफाईवाला झाडू घेऊन चढला, आणि काका नुकते मालगुजारापर्यंत पोचले होते. गाडी गोंदियाच्या पुढे जाणार नव्हती, तेव्हा आम्हीही बसून राहिलो.