तात्या शिरस्तेदार आणि गवत कापायचं यंत्र

तात्या शिरस्तेदारांच्या आवारात गवत कमरेइतकं वाढलेलं होतं आणि त्यांच्याच पडवीत गवत कापायचं विलायती पेट्रोलचं यंत्र होतं. या दोघांची गाठ मात्र पडत नव्हती.

मी रत्नागिरीला मास्तर म्हणून बदलून आलो तो एकोणीसशे तिसाच्या आगेमागे. तात्यांच्या घराची उजवीकडची खोली मी भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी तात्यांनी मला फाटकापाशी अडवलं. तिथे दगडी गडग्याला टेकून चार-पाच काठ्या उभ्या होत्या. त्यातली एक माझ्या हातात देत ते म्हणाले, "मास्तर, काठी आपटत या. पायवाट सोडायची नाही, गवतात हात घालायचा नाही. एवढं कबूल असेल तर खोली तुमची."

मी साताऱ्याकडचा. मला वाटलं, कोकणात भाडेकरू ठेवायची हीच रीत असेल.

"एवढं गवत माजलंय, तर कापून का घेत नाही?" मी विचारलं.

"यंत्र दुरुस्त झालं की कापणार."

"तोवर एखादा गडी विळा घेऊन..."

"विळ्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही," तात्या म्हणाले, आणि हातात घेतलेली माझी वळकटी तिथेच टाकून आत निघून गेले.

तात्यांची उभी हयात कोर्टात गेली होती. पेन्शन घेऊन ते घरी आले, पण कोर्ट काही त्यांच्यातून बाहेर आलं नव्हतं. आमटी खारट झाली तर ते काकूंना खुलासा विचारत. मांजराने दूध सांडलं तर दूध झाकलं होतं की नव्हतं याचा पुरावा मागत. काकू म्हणजे त्यांची पत्नी. त्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नसत, त्यामुळे घरातले सगळे दावे पडून राहत आणि संसार सुरळीत चाले.

हे यंत्र त्यांना एका बदलून गेलेल्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात मिळालं होतं. साहेबाने बंगल्यापुढे विलायतेसारखी हिरवळ करायचं मनात घेतलं होतं. पण खाली जांभा दगड, वर कोकणातला पाऊस. दोघांपुढे हात टेकून त्याने यंत्र तबेल्यात लोटून दिलं. तिथे बरीच वर्षं त्यात कोंबड्यांनी अंडी घातली. तात्यांनी ते बैलगाडीतून घरी आणलं तेव्हा गवत साठवायच्या पेटीत एक कोंबडी बसलेली होती आणि ती उतरायला तयार नव्हती. तात्या म्हणाले, "वहिवाट तिची आहे. अंडी उबेपर्यंत हात लावता येणार नाही." आणि खरोखरच त्यांनी तोवर हात लावला नाही.

मग काम सुरू झालं. पडवीत सुपारीच्या गळलेल्या पानांच्या रुंद विऱ्या पसरून तात्यांनी यंत्राचा एकेक भाग सोडवून मांडला. गंजलेले नट रॉकेलमध्ये भिजत पडले. आतला दट्ट्या असा घट्ट बसला होता की तात्यांनी त्यावर खोबरेल ओतलं आणि रोज सकाळी पूजा झाली की ते त्याला किंचित हलवून पाहत. "आज साक्षीदार बोलला नाही," असं म्हणून हात पुशीत. काकूंच्या दिव्यात रॉकेल उरेना आणि डोक्याला तेल मिळेना. एके दिवशी दट्ट्या सरकला. त्या दिवशी तात्यांनी शिरा करायला लावला.

सगळ्यात बोभाटा झाला तो बुचाचा. पेट्रोल येतं तिथे बुचाचा एक तरंगता तुकडा असतो. तो वर आला की पेट्रोल थांबतं. मूळचा तुकडा कुजून गेला होता, आणि तसं जाड बूच दारूच्या बाटलीशिवाय मिळेना. जन्मात विडीसुद्धा न ओढलेले तात्या साहेबलोकांच्या क्लबच्या मागच्या दाराशी उभे राहिले आणि बटलरकडून बूच घेऊन आले. गाव लहान. संध्याकाळपर्यंत तात्या पिऊ लागल्याची बातमी देवळापर्यंत गेली. काकूंनी त्यांच्या कोटाचा खिसा हुंगला आणि कोट धुवायला टाकला. तात्यांनी मात्र बूच कोरून, त्याला कचेरीत वापरतात तसल्या लाखेचा लेप देऊन बसवलं. "मोहोरबंद केलंय. आता तक्रार येणार नाही," ते मला म्हणाले.

पात्यांना त्यांनी कुरुंदाच्या दगडावर धार लावली. फुटकी टाकी कल्हईवाल्याकडून सांधून आणली. दाऊद नावाचा उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर होता. त्याने प्लग आणि पेट्रोलचा डबा आणून दिला. यंत्र काही केल्या सुरू होईना की दाऊद येई, कुठल्याही भागाकडे बोट दाखवून "कचरा आलाय" म्हणे आणि चहा पिऊन जाई.

दसऱ्याला काकूंनी यंत्राला झेंडूची माळ घातली. तात्यांनी हँडल मारलं. धुराचा लोट निघाला, शेजारचा बैल दावं तोडून पळाला, आणि यंत्र चालू झालं. आळीतली माणसं गडग्यावर चढून बसली होती. तात्यांनी ते उंच गवतात घातलं. हातभर गेलं असेल नसेल, गवताने पात्यांना असे वेढे दिले की यंत्र आचके देऊन बंद पडलं.

"तात्या, यंत्रासाठी आधी गवत कापून द्यावं लागेल," कुणीतरी म्हणालं. गडगा हसून लोळायचा बाकी राहिला.

"निकाल विरुद्ध गेला," तात्या म्हणाले. "अपील करू."

उन्हाळ्यात त्यांनी वाळलेलं गवत लांबून पेटवून दिलं. मग पहार घेऊन स्वतः दगड काढले, खड्डे भरले. श्रावणात नवं गवत बोटभर आलं आणि त्यावरून यंत्र सरसर फिरलं. आवार इतकं देखणं झालं की काकूसुद्धा पायरीवर येऊन बसल्या. माझी समजूत झाली की एवढा खटाटोप यासाठीच होता. आता तात्या खुर्ची टाकून मिशीला पीळ देणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बैलगाडी बोलावली आणि यंत्र वर चढवलं. अंगात कोर्टाचा पांढरा कोट होता. "मास्तर, चला. एक काम राहिलंय," म्हणाले.

मी चपला घालत होतो तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "धाकूकडे चाललेत. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. धाकू आमचा गडी. तुम्ही यायच्या आदल्या पावसात इथेच विळ्याने गवत कापत होता. बोटाला फुरसं चावलं, लहानसा पण जहरी साप. वाचला नाही. त्या सकाळी हे एवढंच म्हणाले होते, धाकू, गवत फार वाढलंय रे. तेव्हापासून यांनी कुणाचा हात गवताला लागू दिला नाही, आणि धाकूच्या दाराशीही गेले नाहीत. भात पाठवायचा तो मी पाठवते."

धाकूचं खोपटं खालच्या वाडीत होतं. त्याची बायको भागी दारात उभी राहिली. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाले, "तिला सांगा, आवार साफ करून देतोय."

साफ करण्यासारखं फारसं काही नव्हतं. बकऱ्यांनी गवत खाऊन बेताचंच ठेवलं होतं. तरी तात्यांनी यंत्र चालू केलं आणि खोपट्याभोवती फेरे धरले. भागी काहीतरी बोलली. यंत्राच्या आवाजात ऐकू गेलं नाही. तात्या तिच्या पुढून गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. कापायला काडी उरली नाही तरी थांबेनात. शेवटी पेट्रोल संपलं तेव्हा यंत्र आपणच थांबलं.

भागी तीन पावलं पुढे आली आणि तेच पुन्हा म्हणाली.

"तुमी सांगितलंत म्हणून नाय गेले ते, तात्यांनू. सकाळी मीच सांगितलेलं, येताना बकऱ्यांना भारा आना म्हणून. मी कुनाला बोलले नाय."

तात्या यंत्राची मूठ धरून तसेच उभे राहिले. मग ते पांढऱ्या कोटासकट खाली ओल्या जमिनीवर बसले.

"भागे," ते म्हणाले, "अशी उभी राहू नकोस. बस."

ती समोर बसली. मी गाडीवानाला घेऊन वरच्या वाटेने निघालो आणि वळणापाशी थांबलो. तिथून दोघं दिसत होती. आधी ती बोलली, बराच वेळ. मग ते बोलले.