मिस व्हर्नाची सही

मंगळवारी सकाळी मेरिडियन गावच्या पोस्टासमोर एका पिकअप ट्रकने व्हर्ना स्टबलफील्डबाईंची जुनी ब्यूक गाडी मागून इतकी चेपली, की डिकी मागच्या सीटवर येऊन बसली. बाईंना खरचटलंही नाही. ट्रकमधून ओडेल गेन्स नावाचा, छपरं दुरुस्त करणारा पन्नाशीचा माणूस उतरला. टोपी काढून त्याने चूक आपलीच असल्याचं सांगून टाकलं आणि त्याच दमात विमा नसल्याचंही.

घरी येऊन बाईंनी विमा एजंट क्लिफ्टनला फोन लावला. समोरच्याकडे विमा नसला तर आपल्याच विम्यातून भरपाई मिळते, अशी सोय असते म्हणे. बाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला.

"मिस व्हर्ना, ही सोय नको म्हणून तुम्हीच सही केलीय."

"मी कशाला करेन?"

"तुम्ही म्हणालात, एकेचाळीस वर्षं गाडी चालवतेय, कुणाला साधा ओरखडा काढला नाही. मी म्हटलं, प्रश्न तुमच्या चालवण्याचा नाहीये. तर म्हणालात, पेन दे."

मग दावा लावायला बाई वकिलाकडे गेल्या. त्याने ओडेलकडे काय काय आहे ते विचारलं. एक ट्रक आणि दोन शिड्या, हे ऐकल्यावर त्याने बाईंना शुभेच्छा दिल्या.

खरी अडचण ओपलची होती. बाईंची ही थोरली बहीण गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होती, सगळं विसरत चालली होती आणि दुपारचं जेवण फक्त व्हर्नाच्या हातून घ्यायची. तिकडे बस जात नव्हती. दोन दिवस शेजारणीने नेलं, मग तिच्या गुडघ्याने संप केला. दुसऱ्या दिवशी ओपल उपाशी राहिल्याचा फोन आला, तेव्हा बाई ओट्याला टेकून रडल्या.

त्याच संध्याकाळी ओडेल कलिंगड घेऊन दारात उभा राहिला. पैसे नाहीत, पण ट्रक आहे, म्हणाल तिथे नेईन, असं त्याचं म्हणणं. बाईंना त्याला हाकलून द्यायचं होतं.

"उद्या अकराला ये," त्या म्हणाल्या.

बाई त्या ट्रकात डोळे मिटून बसत. ओपलला मात्र ओडेल फार आवडला. आठवड्याभरात ती त्याच्याच हातून जेवू लागली. व्हर्नाने चमचा पुढे केला की तोंड फिरवायची. एकदा तिने ओडेलला हळूच विचारलं, "ही बाई रोज तुझ्याबरोबर का येते रे?"

परतताना बाईंनी डोळे मिटले नाहीत. वाटेत पोलिसांची गाडी मागे लागली आणि पुढे निघून गेली. तेवढ्या वेळात बाईंच्या लक्षात आलं, की ह्याला विम्यावाचून पकडलं, तर उपाशी ओपलच राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओडेलला घेऊन क्लिफ्टनसमोर बसल्या. ह्याच्या विम्याचा हप्ता मी भरेन आणि असतील तेवढ्या सगळ्या सोयी घाल, म्हणाल्या. क्लिफ्टन मुकाट्याने फॉर्म भरत गेला आणि एका रकान्यापाशी थांबला.

"हप्ता भरणाऱ्याचं ह्यांच्याशी नातं काय लिहू?"

ओडेल जमिनीकडे बघत होता. बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"ह्याने मला ठोकलं."

"तसा पर्याय नाहीये, मिस व्हर्ना."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग घरचा लिही. आणि जरा हात चालव, ओपल जेवायची खोळंबलीय."