पंचविसावी चकती

लीलाधरबाबूंनी चकत्यांवर गवत लावायचं ठरवलं आणि तिथंच सगळं बिनसलं.

तहसील कचेरीतले हे पंचेचाळिशीचे बाबू अंगठ्याएवढे सैनिक रंगवत आणि टेबलावर लढाया खेळत. सैनिक उभा राहायला पायाखाली गोल चकती लागते. रविवारी इंदूरला अशा फौजांची स्पर्धा होती, बाबूंच्या आयुष्यातली पहिली, आणि विकतच्या चकत्या त्यांच्या चोखंदळ नजरेला पसंत नव्हत्या. त्यांनी सनमायकाच्या तुकड्यांतून रुपयाएवढ्या चोवीस चकत्या स्वतः कापल्या, काळ्या रंगवल्या आणि वर असीरगढ किल्ल्याच्या पायथ्याची माती चिकटवली. (लढाई किल्ल्याची, मग माती बाजारची कशी चालेल?) राहिलं सुकं गवत.

खिडकीत एक पुरचुंडी होती. बायकोनं, ज्योत्स्नाबाईंनी, विंचरताना गळलेले केस, केसांवर भांडी देणाऱ्या भांडीवालीसाठी, त्यात साठवले होते. बाबूंनी चिमूटभर केस बारीक कातरून मातीत रोवले. गवत हुबेहूब दिसलं. बायकोला विचारायचं तेवढं राहून गेलं. चकत्या पलंगाखाली वर्तमानपत्रावर वाळत ठेवून ते कचेरीत गेले.

शुक्रवार होता, आणि अमावस्या. दुपारी ते जेवायला आले तेव्हा लाईट गेलेली होती. त्यांच्या राजपुरा मोहल्ल्यातले विजेचे माग थांबले होते आणि गल्ली इतकी गप्प होती, की स्वतःच्या चपलांचा आवाजही त्यांना नकोसा झाला. घरात ज्योत्स्नाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ पांढरेफटक. दापोऱ्याहून आलेल्या सासूबाई, रंभाबाई, लेकीचं डोकं छातीशी धरून होत्या. समोर त्या काळ्या चकत्या, वर माती, आणि मातीत ज्योत्स्नाबाईंचे केस. पलंगाखाली त्यांच्याच उशीच्या बाजूला सापडलेले.

कुणीतरी करणी केली, याबद्दल घरात दुमत नव्हतं. सासूबाईंनी उतारे काढणाऱ्या भागाबाईंना बोलावूनही घेतलं होतं. दिवस मावळायच्या आत सगळं तापीत सोडायचं, असं ठरलं होतं.

महिनाभराची मेहनत तापीत! भीतीनं अंग चोरून बसलेल्या बायकोकडे पाहून बाबूंना मनापासून लाज वाटली. पण लाज वाटणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं.

भागाबाईंनी वरवरच्या काही चकत्या उचलून निरखल्या. "हे कोन्या अनाड्याचं काम हाय, माय. भेवू नको. एक बी गोल नाही."

"कंपासनं आखल्यात!" बाबू म्हणाले.

मग सगळं सांगावंच लागलं. ज्योत्स्नाबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. तो रागाचा होता, पण बाबूंना तोही बरा वाटला.

भागाबाईंचं लक्ष मात्र अजून वर्तमानपत्रावरच्या उरलेल्या चकत्यांवर होतं. "ही एक तेवढी गोल हाय," त्या हळूच म्हणाल्या. "ही कारागिराच्या हातची."

ती खरोखरच गोल होती, चंद्रासारखी. तिच्यावरचे केस पांढरे होते. ज्योत्स्नाबाईंचे काळेभोर, सासूबाईंचे मेंदीनं लाल, भागाबाई तर आताच आलेल्या. बाबूंनी मोजलं. पुन्हा मोजलं. चकत्या पंचवीस भरल्या. घरात वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी ते पांढरे केस मंद डुलत होते.

"ही बी तुमचीच ना?" भागाबाईंनी विचारलं.

ज्योत्स्नाबाई नवऱ्याकडे टक लावून पाहत होत्या. नाही म्हटलं तर त्यांच्या ओठांवरचा रंग पुन्हा उडणार होता.

"माझीच," बाबू म्हणाले. बायकोसाठी म्हणाले, हे अगदी खरं. (शिवाय गोल तेवढी तीच होती.)

"मंग तुम्हीच सांभाळा," भागाबाईंनी ती त्यांच्या तळहातावर ठेवली. "आता ती तुमची झाली."

चकती बर्फासारखी गार होती. नाइलाजानं बाबूंनी तिच्यावर सेनापती उभा केला आणि रविवारी इंदूर गाठलं. त्यांच्या फौजेला शेवटचा क्रमांक मिळाला. परीक्षकांनी कागदावर शेरा लिहिला होता: "चोवीस चकत्या वाकड्या. पंचविसावी अप्रतिम. ज्यांनी ही बनवली, पुढच्या वर्षी त्यांनाच पाठवा."