निषेधाला चालतं

पोथीतला देव भक्ताच्या हाकेला धावून यायला आणि मोबाइलच्या पडद्यावर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात यायला एकच गाठ पडली. सरोजिनीबाई रोज सकाळी हडपसरच्या आपल्या घरातून फोनसमोर बसून समाजमाध्यमावर पोथी वाचत, आणि सोसायटीतल्या बायका आपापल्या स्वयंपाकघरात ती ऐकत. देवाच्या जागी जुगारी नाचून गेला, हे बाईंना वाचन संपल्यावर समोरच्या सोनालीने सांगितलं.

बाईंचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशीही चढला नाही. "देवाला मधेच थांबवून जुगार दाखवतात, तिथे मी पोथी उघडणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आपण सगळ्याच ते सोडू. उद्यापासून वाचन माझ्या घरी. दार उघडंच ठेवते."

बायकांनी एकमुखाने पाठिंबा दिला. कुठे दिला, तर त्याच माध्यमावर, हात जोडल्याचं चित्र टाकून.

पहिल्या दिवशी सतरंजी पुरली नाही. दुसऱ्या दिवशी सोनालीचा फोन आला.

"काकू, रागावू नका हं. नुसतं बघितलेलं चालतं का? मी काही लिहीत नाही, अंगठासुद्धा देत नाही."

आयुष्यात बाईंनी कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं नव्हतं. उपासाला चहा चालतो, तसंच हे, असं त्यांना वाटलं. "बघ बाई. पण मन तिथे ठेवू नकोस."

चुकलं ते इथेच. एकीला चहा चालतो म्हटलं की दुसरीला साबुदाणा हवा असतो. वरच्या मजल्यावरच्या चैतालीला भाचीच्या बारशाचे फोटो टाकायचे होते. "फोटो म्हणजे फळासारखेच ना, काकू? त्यात कुठे धान्य आहे?" शेजारच्या चंपाबाई तर विचारायलाही थांबल्या नाहीत. त्यांनी यजमानांचं खातं उघडलं. "निषेध माझा आहे, ह्यांचा नाही!"

"एकादशी अन् दुप्पट खाशी," बाईंचे यजमान आप्पासाहेब पेपरामागून म्हणाले. "निषेध कसला केलास? फराळाचं ताट वाढलंस तू."

"अहो, येतील परत."

"येतील की. तिकडे."

कुणाची पाठ धरली, कुणाकडे पाहुणे आले. सतरंजीवर आप्पासाहेब तेवढे उरले, आणि त्यांना तिसऱ्या ओळीलाच डुलकी लागे. बाई तरीही वाचत. पण नजर सारखी दाराकडे जाई आणि ओळ चुके. देवाची पोथी वाचताना आपण माणसांची वाट बघतो, हे त्यांना स्वतःशीसुद्धा कबूल करवेना.

एका सकाळी त्या प्रसादाची वाटी घेऊन समोर गेल्या. सोनालीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून पोथीचा आवाज येत होता, आणि आवाज ओळखीचा होता. सोनाली, चैताली, चंपाबाई मेथी निवडत बसल्या होत्या आणि डब्याला टेकवलेल्या फोनमधून साक्षात सरोजिनीबाई वाचत होत्या.

"या, काकू! तुमचंच लावलंय. आधीचं आहे. जुनं चालतं ना निषेधाला?"

"अगं, मी समोरच तर वाचते. रोज."

"हो, पण तुमच्याकडे बसलं की हलता येत नाही. मधे उठलं तर पाप. इथे कसं, दूधवाला आला की थांबवता येतं."

"आणि ती जाहिरात?"

"बरी आहे की," चंपाबाई म्हणाल्या. "तेवढ्यात चहा होतो."

बाईंनी वाटी खाली ठेवली. "मग मी ते जुनं काढूनच टाकते."

"काढा ना," चैताली काडी मोडत म्हणाली. "पण काढायला खातं उघडून आत यावं लागतं, काकू. आणि तुमचा निषेध तर कडक."

काहीतरी बोलायला म्हणून बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. सोनालीने उठता उठता पडद्यावर बोट टेकवलं.

फोनमधल्या सरोजिनीबाई ओळीच्या मधोमध, उघड्या तोंडाने थांबल्या. बाहेरच्याही.