जेवणघराचा कारखाना

माणसाने जेवायला कुठे बसावे, याविषयी निवृत्त फिटरचे मत पक्के होते. जिथे तेलाचा वास नाही, भोंग्याचा आवाज नाही आणि आपल्या माणसांची तोंडे समोर दिसतात, तिथे. हे मत त्याने कुठल्या पुस्तकातून उचलले नव्हते. उभा जन्म त्याने कारखान्यात काढला होता आणि रोजचा डबा कामाच्या बाकावर ठेवून उभ्याउभ्या संपवला होता. त्याची बायको तेव्हा घरी एकटी जेवायची आणि मुलगा वाढतो आहे हे त्याला कळायचे ते ऐकीव माहितीवर. म्हणून निवृत्त झाल्याबरोबर त्याने काही केले असेल, तर एक जेवणघर बांधले. भिंती पांढऱ्या, गुळगुळीत. लाकडी टेबल. पाठ टेकायला खुर्च्या.

"एकसुद्धा पाइप दिसता कामा नये," त्याने गवंड्याला बजावले होते. "बघून बघून डोळे विटलेत माझे."

पाइप भिंतीच्या पोटात गेले आणि चौघेजण त्या खोलीत एकत्र जेवू लागले. फिटर, त्याची बायको, मुलगा आणि सून. फिटर फार सावकाश खायचा. ताट रिकामे झाले तरी उठायचा नाही. त्याला काही खास बोलायचे असायचे अशातला भाग नाही. त्याला नुसते बसायचे असायचे.

हे सगळे सुरळीत चालले असताना एके दिवशी सुनेने ताटे बाजूला सारली आणि टेबलावर एक गुळगुळीत पानांचे मासिक उघडले.

"बाबा, हे बघा. इंडस्ट्रियल स्टाइल. सध्या सगळीकडे हेच चाललंय."

फिटरने चष्मा लावला. "कुठला कारखाना हा?"

"कारखाना नाही हो, डायनिंग रूम आहे."

"मग ही माणसं अशी का जेवतायत? घर नाही वाटतं बिचाऱ्यांना."

मुलाने घसा साफ केला. तो एका मोठ्या कार्यालयात दुसऱ्यांच्या कामाचे आराखडे करायचा. "बाबा, ह्यात एक खरेपणा आहे. श्रमाचं सौंदर्य आहे."

"श्रमाचं सौंदर्य ना?" फिटरची बायको म्हणाली. "मग ऊठ. मोरीत भांडी पडलीत."

पण हौस ही अशा बोलण्याने आटोक्यात येणारी बाब नाही. आठवडाभरात डेकोरेटर आला. नखशिखांत काळे कपडे घातलेला, हळू आवाजात बोलणारा. त्याने भिंतीवर टिचकी मारली आणि डोळे मिटले.

"प्लॅस्टर खोटं बोलतंय," तो म्हणाला. "आतली वीट बाहेर येऊ द्या."

प्लॅस्टर पाडण्यात आले. आत वीट नव्हती, सिमेंटचे ठोकळे होते. खऱ्या भिंतीत खरेपणा नसल्याचे डेकोरेटरने खेदपूर्वक जाहीर केले आणि विटेसारख्या दिसणाऱ्या पातळ टाइल्स चिकटवून तो पुरवला. भिंतीतले पाइपही प्लास्टिकचे निघाले. ते चारचौघांत आणण्यालायक नसल्याने आतच ठेवण्यात आले, आणि बाहेरून मांडीएवढे जाड लोखंडी पाइप छताखाली फिरवण्यात आले.

"हे जातात कुठे?" फिटरने विचारले.

"कुठेच नाही, काका."

"मग आतून वाहतं काय?"

"वातावरण," डेकोरेटर म्हणाला.

पाइप नवेकोरे होते ही एक अडचण होती. तीवर उपाय म्हणून त्यांना गंजाचा लेप देण्यात आला. आणि इथे फिटरच्या हातून प्रमाद घडला. दुपारी घरात कुणी नव्हते. गंज दिसला की हात आपोआप पुढे जायचे, ही त्याची जन्माची खोड. त्याने पॉलिश पेपर काढला, शिडी लावली आणि पाइप खसाखसा घासले. वरून तेलाचा हात फिरवला. सैल दिसला तो प्रत्येक नट आवळला. आता सगळे खूश होतील, म्हणून तो दारातच बसून राहिला.

सुनेने खोलीत पाऊल टाकले आणि भिंतीला धरून उभी राहिली. "बाबा! गंज कुठे गेला?"

"काढला की! एक ठिपका ठेवला नाही बघ."

"अहो, तो विकत आणला होता!"

फिटरने बायकोकडे पाहिले. "ह्या घरात आता काही पुसत जाऊ नका," ती म्हणाली. "धूळसुद्धा कुणी विकत आणलेली असायची."

गंज पुन्हा चढवण्यात आला आणि फिटरला पाइपांपासून हातभर लांब राहण्याची समज देण्यात आली. लाकडी टेबल बाल्कनीत गेले. त्याच्या जागी भंगारातून उचललेला कामाचा बाक आला, तेलाच्या डागांसकट. त्याला व्हाइस होता, म्हणजे काम करताना लोखंडाचा तुकडा घट्ट धरून ठेवणारा जबडा. त्या जबड्यात आता कागदी रुमाल धरले होते. बसायला बिनपाठीची लोखंडी स्टुले होती, कारण पाठ टेकली की श्रमाचे सौंदर्य बिघडते. जेवायला हाक मारण्याऐवजी भोंगा होता.

पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा फिटर दचकून उठला आणि चपला घालून थेट रस्त्यावर गेला. त्याला परत बोलावून स्टुलावर बसवले. तो जेवला नाही. पोट ठीक नाही म्हणाला.

सुनेने खोलीचे फोटो काढून साऱ्या जगाला दाखवले. साऱ्या जगात कारखाने निरीक्षण कार्यालयही येत असल्यामुळे लौकरच एक निरीक्षक दारात उभे राहिले. त्यांनी खोली पाहिली. पाइप मोजले, व्हाइस फिरवून पाहिला, भोंगा वाजवून पाहिला.

"विनापरवाना कारखाना चालवता," ते म्हणाले.

"साहेब, हे जेवणघर आहे," मुलगा म्हणाला.

"असं सगळेच म्हणतात. उत्पादन काय?"

"काहीच नाही हो!"

"त्याने काही सिद्ध होत नाही. माझ्या हद्दीत काहीच उत्पादन न करणारे पुष्कळ कारखाने आहेत, आणि सगळे परवान्यावर आहेत." मग ते जरा मऊ झाले. "हे बघा, मीही बालबच्चेवाला माणूस आहे. हे सगळं काढून टाका. मी इथे आलोच नव्हतो असं समजेन."

फिटर ताडकन उठला. "पाना आणतो!"

"बाबा, बसा!" मुलगा ओरडला. "साहेब, काढता येणार नाही. आमचे मोठे साहेब फोटो बघून स्वतःहून जेवायला येतो म्हणालेत. माझं प्रमोशन अडकलंय. आम्ही सगळे नियम पाळू."

"मग पाळा," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी नियम सांगितले. खोलीत हेल्मेटशिवाय कुणी पाय ठेवू नये. पळून जायला दुसरा दरवाजा असावा. आणि यंत्रसामग्रीजवळ कुणीही अन्न खाऊ नये. जेवणासाठी वेगळी, स्वच्छ, पांढरी, पाठीच्या खुर्च्या असलेली खोली असावी.

"म्हणजे जेवणघराला जेवणघर?" सून म्हणाली.

"कायद्याला कामगारांची काळजी आहे," निरीक्षक म्हणाले.

आता वेगळी खोली आणायची कुठून? सुनेच्या खोलीत कपाटे होती. राहिली फिटरची आणि त्याच्या बायकोची. पांढऱ्या भिंती, दिसणारा एकही पाइप नाही. फिटरला कुणी विचारायच्या आतच त्याने गादी गुंडाळली. "आम्ही बाहेर झोपू कुठेही," तो म्हणाला. बाल्कनीतले टेबल त्याने स्वतः ओढत आणले, पुसले आणि खुर्च्या मांडल्या. त्या दिवशी तो शीळ घालत होता. बायकोला म्हणाला, "बघ, कायदा अगदीच काही वाईट नसतो."

निरीक्षक तपासणीला आले. खोली पाहून समाधान पावले. "छान. आता कामगार इथे जेवत असताना तिकडे यंत्रसामग्रीवर पर्यवेक्षक कोण थांबणार?"

"ती काय करणार आहे साहेब?" बायको म्हणाली. "पळून जाईल?"

"कारखाना एकटा सोडता येत नाही, बाई. कारखान्यातला अनुभव असलेला माणूस पाहिजे."

सगळ्यांनी फिटरकडे पाहिले.

"मी नाही," फिटर म्हणाला.

"बाबा, साहेब येऊन जाईपर्यंतच," मुलगा म्हणाला.

"मग पर्यवेक्षकाने जेवायचं कधी?" बायकोने विचारले.

हा प्रश्न निरीक्षकांना नोकरीत कुणी विचारलेला नव्हता. "तो आपलं बघून घेतो," ते म्हणाले.

मोठे साहेब सपत्नीक आले. त्यांना हेल्मेटे देण्यात आली आणि दोघेही हरखून गेले. गंजावरून त्यांनी हात फिरवला. रुमाल धरलेल्या जबड्याला ते "काय कल्पना आहे!" म्हणाले. मग त्यांचे लक्ष बाकाशेजारी गेले. निळ्या कपड्यांत, हेल्मेट घातलेला एक म्हातारा उभ्याउभ्या डबा खात होता.

"अरे वा!" मोठे साहेब म्हणाले. "हेसुद्धा केलंत? किती बारकाई!"

त्यांच्या पत्नीने फिटरचा पंजा उलटा करून पाहिला. "अहो, घट्टे खरे आहेत! कुठून मिळवलात हो?"

मुलाने आधी आपल्या बायकोकडे पाहिले, मग मोठ्या साहेबांकडे पाहिले.

"घरातच होता," तो म्हणाला. "जुना."

पाहुणे आतल्या पांढऱ्या खोलीत गेले. खुर्च्या सरकल्याचे, वाढल्याचे, हसल्याचे आवाज येऊ लागले. थोड्या वेळाने फिटरची बायको आपले ताट घेऊन बाहेर आली.

"मी इथेच जेवते तुमच्याबरोबर."

फिटरने आतल्या दाराकडे पाहिले. "हेल्मेट कुठाय तुझं?"

"मेलं ते हेल्मेट."

"मग आत जा. निरीक्षकाने बघितलं तर पोराचं प्रमोशन जाईल."

ती उंबऱ्यावरच बसली, खोलीच्या बाहेर. तिने भाताचा घास घेतला. त्याने डब्याचे झाकण लावले. तेवढ्यात आतून भोंग्याची फर्माईश झाली आणि त्याने तो वाजवला.

मुलाला बढती मिळाली. डेकोरेटरची तर इतकी भरभराट झाली की त्याला उसंत नाही. पाइप मिळतात, गंज डब्यात मिळतो, भोंगे हवे तेवढे आहेत. पण पाहणारे आता तेवढ्यावर भागवून घेत नाहीत. त्यांना बाकाशेजारचा म्हातारा हवा असतो, आणि खऱ्या घट्ट्यांचा म्हातारा कुठल्याच दुकानात मिळत नाही. तेव्हा तुमच्याही मनात असे जेवणघर करायचे असेल, तर गावभर हिंडण्याआधी स्वतःच्या घरात नजर टाका. टीव्हीपुढे, नाहीतर बाल्कनीतल्या खुर्चीवर एखादा असेल. त्याला विचारून बघा. बहुधा नाही म्हणणार नाही. बहुधा अजून जेवलेलाही नसेल. तुम्ही कधी येता म्हणून थांबला असेल.